साडेसात लाखांची पोलो आणि माळ्यावरचं पोतं

सेकंडहँड गाडीची किंमत काढणं हल्ली फार अवघड राहिलेलं नाही. मॉडेल, साल, किलोमीटर, कितवा मालक एवढं भरलं की कुठलीही वेबसाइट आकडा तोंडावर फेकते. पण गाडी मालकाने हौसेने 'मॉडिफाय' केलेली असेल तर या सगळ्या वेबसाइटी मुक्या होतात. मालकाने सायलेन्सर बदललाय का, इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये हात घातलाय का, असे रकानेच तिथे नसतात. मग आकडा काढायचा कसा? या प्रश्नावर गेल्या डिसेंबरात, म्हणजे २०२५ च्या, माझे दोन शनिवार खर्ची पडले. तेही पुण्यात नाही, धाराशिव जिल्ह्यात. ज्यांना गाड्यांचं वेड नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, शेवटी प्रश्न पैशांचाच आहे.

तर झालं असं की, माझ्या मामेभावाचं धाराशिवला ठिबक सिंचनाचं दुकान आहे. त्याला गेली पाच-सहा वर्षं पोलो जीटी टीएसआय हवी आहे. नवी मिळायचा प्रश्नच नाही, पोलो भारतात २०२२ लाच बंद झाली. (२०१० साली आली होती, चाकणला बनायची. आमच्या कंपनीच्या पार्किंगमध्ये एके काळी दर चौथी गाडी पोलो असायची, असं मला उगाचच वाटतं.) त्याला उमरग्याला एक सापडली. २०१६ ची, एकच मालक, ७१ हजार किलोमीटर, एमएच २५ पासिंग. मालक जर्मनीला नोकरीला गेलेला, गाडी विकतायत त्याचे वडील. आणि ते कोण निघावेत? तर मामेभावाला चौथीला शिकवणारे गुरुजी! मागणी किती? साडेसात लाख.

"दादा, तू ये एकदा. तुला त्यातलं कळतंय," असा फोन आला. मला त्यातलं किती कळतं हा वेगळा विषय, पण गाडीत आता कॉम्प्युटर असतो, सबब कॉम्प्युटरवाल्याला गाडीतलं कळतं, असं आमच्या घराण्यात ठरूनच गेलंय. असो.

पहिल्या शनिवारी मामा, मामेभाऊ आणि मी तुळजापूर, नळदुर्ग करत उमरग्याला गेलो. गुरुजींनी चहा आणि कुंथलगिरीचे पेढे समोर ठेवले आणि मग एक फाईल काढली. फाईल बघून मी थक्क झालो. निवृत्त शिक्षकाची फाईल ती! पोराने गाडीवर केलेल्या प्रत्येक खर्चाचं बिल तारखेने लावलेलं. इंजिनचं रिमॅप ३२ हजार. एअर इनटेक १८ हजार. डाउनपाइपसकट पूर्ण एक्झॉस्ट ६२ हजार. गाडी खाली बसवणारे स्प्रिंग २६ हजार. सतरा इंची अलॉय आणि टायर ८८ हजार. म्युझिक सिस्टीम ४१ हजार. वर काळपट राखाडी रंगाचा रॅप १७ हजार. शेवटी लाल शाईत बेरीज, २ लाख ८४ हजार. मूळ गाडी पावणेपाच लाखांची, त्यात हे मिळवले की होतात ७ लाख ५९ हजार. "वरचे नऊ हजार सोडले," गुरुजी म्हणाले.

त्यांच्या गणितात बेरजेची चूक नव्हती. पावणेपाचचा आकडाही बरोबर होता. मी पुणे, सोलापूर, लातूरच्या जाहिराती चाळल्या होत्या, असल्या गाड्यांना मागणारे सव्वाचार ते साडेपाच मागत होते. घासाघीस होऊन पावणेपाचला व्यवहार व्हावा असा अंदाज धरायला हरकत नव्हती. घोटाळा होता तो अधिकच्या चिन्हात.

मॉडिफिकेशनचे पैसे हे गाडीत घातलेले पैसे नसतातच मुळी. ते ज्याने घातले त्याच्या आनंदाची किंमत असते, आणि तो आनंद त्याने उपभोगलेला असतो. पुढच्या माणसाला तो हवाच असेल असं नाही. मामाने हे माझ्या आधी ओळखलं. मामाचं निम्मं आयुष्य बैलबाजारात गेलेलं. गाडीभोवती एक चक्कर मारून तो हळूच म्हणाला, "झूल, घुंगरमाळ, शेंब्या उतरवून बैल बघावा. झूल पायजे तर येगळी घ्यावी." मला हे इतकं आवडलं की पुढचं सगळं गणित मी त्यावरच बेतलं.

पण एक फरक होता. अलॉय, म्युझिक, रॅप ही झूल. रिमॅप ही झूल नव्हे. कंपनीने ही गाडी १०५ हॉर्सपॉवर आणि १७५ न्यूटन मीटर टॉर्कची दिली. रिमॅप म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधले तक्ते बदलायचे: टर्बोचा दाब किती, ठिणगी कधी, पेट्रोल किती. त्यातून हीच गाडी १३०-१४० च्या घरात जाते असं ट्यूनर मंडळी सांगतात. खोटं नाही ते. फक्त तो जास्तीचा जोर कुठून तरी जातो ना, त्या वाटेवर गिअरबॉक्स आहे. या पोलोत सात गिअरचा डीएसजी आहे, दोन कोरड्या क्लचवाला. हा गिअरबॉक्स २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी आखलेला आहे. म्हणजे रिमॅपनंतरही आपण मर्यादेच्या आतच असतो, पण कंपनीने ठेवलेली सोडत आपण खाऊन टाकलेली असते. सिग्नलला सिग्नलला पोराने लाँच मारले असतील तर क्लचने किती सोसलंय ते बाहेरून दिसत नाही. मामाच्या भाषेत, शर्यतीचा बैल नांगराला घ्यायचा तर आधी खांदा बघायचा.

खांदा बघायला आम्ही उमरगा ते नळदुर्ग हायवेला गाडी काढली. निघताना इंजिन थंड आहे ना हे बॉनेटवर हात ठेवून पाहिलं. विकणाऱ्याने गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तर सकाळचा पहिला खडखडाट ऐकूच येत नाही. गावातून हळू चालवताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर येते का बघितलं. अगदी किंचित होती, ट्रॅक्टरमागे सरपटताना. उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर म्हणजे डीएसजी तपासायचं आमच्याकडचं फुकटचं यंत्र! हायवेला मात्र गाडी अशी सुटली की मामेभावाच्या चेहऱ्यावरून माझ्या लक्षात आलं, हा आता भाव करायच्या लायकीचा उरलेला नाही.

माझ्याकडे एक ओबीडीचं चिमुकलं यंत्र आहे, स्टिअरिंगखाली लावलं की मोबाईलवर इंजिनच्या कॉम्प्युटरशी बोलता येतं. फॉल्ट एकही नाही. फॉल्ट नुकतेच पुसलेत का तेही कळतं, कारण पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या परत पूर्ण व्हायला थोडं फिरावं लागतं. इथे सगळ्या पूर्ण होत्या. छान! मग एक गोष्ट खटकली. नव्या डाउनपाइपमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच नव्हता. तो नसेल तर मागचा ऑक्सिजन सेन्सर बोंब मारतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. इथे दिवा नव्हता. म्हणजे रिमॅप करतानाच ती तपासणी बंद केलेली. आपल्या धंद्यात यालाच टेस्ट कमेंट करून बिल्ड हिरवा दाखवणं म्हणतात :) पीयूसीचं सर्टिफिकेट होतं. कसं होतं, ते मी विचारलं नाही.

आणखी एक गंमत. हा रिमॅप २०१८ साली पुण्यात, प्रीमियम पेट्रोल गृहीत धरून लिहिलेला. उमरग्यात गुरुजी जे पंपावर मिळेल ते भरणार. शिवाय २०२५ पर्यंत साध्या पेट्रोलमध्ये इथेनॉल वीस टक्क्यांवर गेलं. इथेनॉलने ऑक्टेन वाढतो हे खरं, पण तेवढंच जळायला त्याला हवा कमी लागते, म्हणून पेट्रोल जास्त सोडावं लागतं. कॉम्प्युटर सेन्सर बघून थोडं जुळवून घेतो. त्या जुळवून घेण्यालाही मर्यादा असते. सात वर्षांपूर्वी लिहिलेला कोड, लिहिणारा आता उत्तर देत नाही, आणि खालची लायब्ररी बदललीय. अशा कोडचे ३२ हजार देणारा मॅनेजर मला तरी माहीत नाही. मी रिमॅपपुढे शून्य लिहिलं.

कायद्याचं बघितलं तर ते याहून कोरडं आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेला आणि आरसीवर नोंदलेला तपशील जुळणार नाही असा बदल गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या १८२-अ मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड, किंवा दोन्ही. आरसीवर गाडी पांढरी आणि दारात उभी राखाडी. अपघात झाला तर विम्यावाला पहिला प्रश्न हाच विचारणार की हे बदल पॉलिसीत कळवले होते का. नव्हते कळवले. बँकेचंही तसंच. मामेभाऊ थोडं कर्ज काढणार होता, तर बँकेच्या व्हॅल्युएटरने फक्त नागडी गाडी धरली. सायलेन्सरकडे त्याने बघितलंही नाही.

म्हणजे हे बदल विकत घेणारा माणूस काहीतरी मिळवत नाही, तर काढून टाकायचं काम अंगावर घेतो. तेव्हा सूत्र असं झालं: नागडी गाडी, वजा मूळ रूपात आणायचा खर्च, वजा न दिसणाऱ्या झिजेची जोखीम, अधिक काढलेल्या सामानाचे जे काही येतील ते.

आता यात सगळ्यात मोठा प्रश्न कुठला, तर मूळ सामान आहे का? नसेल तर कन्व्हर्टरसकट सायलेन्सर, स्प्रिंग, एअर बॉक्स सगळं जमवायला माझ्या अंदाजाने ९५ हजार. बसवायची मजुरी आणि कॉम्प्युटर पूर्ववत करणं २० हजार. रॅप काढणं ६ हजार. क्लचचं काम निघालं तर लाखाच्या घरात जातं, मी चारात एक वेळ निघेल असं धरून २५ हजार. झाले उणे १ लाख ४६ हजार. चाकं तीच ठेवायची आणि बाकीचं काढलेलं सामान विकून २१ हजार सुटले असं मानलं, तर येतात बरोबर साडेतीन लाख.

गंमत म्हणजे येताना गाडीत मामेभाऊ हाच आकडा म्हणाला होता. गणित न करता! "गुरुजींना काय कळतंय त्यातलं, साडेतीनला मागू." मला ते तेव्हाही आवडलं नव्हतं, आणि आता माझ्याच कागदावर तोच आकडा आला तरी आवडेना. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला (पुढे २००१ मध्ये नोबेल मिळालेल्या तिघांत तो होता). त्यात विकणाऱ्याला गाडीचं खरं माहीत असतं आणि घेणाऱ्याला नसतं, म्हणून बाजार बिघडतो. इथे उलटं होतं. विकणाऱ्याला काही माहीत नव्हतं, आणि घेणाऱ्याने माहीतगार आणला होता. त्यात निघताना गुरुजी माझा हात धरून म्हणाले, "बाळा, तुम्ही सांगाल तो आकडा. पोरगं म्हणतंय साडेसात, पर त्याला तिकडून काय दिसतंय." झालं! आलो होतो एकाच्या बाजूने, परतलो पंच होऊन.

बैलबाजारात उपरण्याखाली बोटं धरून भाव करतात ना, तशी आमच्या मामाची इच्छा होती. मध्ये मी, एका हाताला गुरुजी, दुसऱ्या हाताला मामेभाऊ. मी म्हटलं नाही. पुढच्या शनिवारी कागदावर, टेबलावर, सगळ्यांसमोर. मामेभावालाही सांगितलं, जो आकडा गुरुजींसमोर कारणासकट वाचून दाखवता येणार नाही तो मी काढणारच नाही. तो थोडा फुगला. फुगू दे.

दुसऱ्या शनिवारी मी सूत्र वाचायला सुरुवात केली. "मूळ सामान नाही, म्हणून ९५ हजार वजा," इथपर्यंत आलो, तर आतून काकू म्हणाल्या, "कोण म्हणलं नाही?" पोराने जे जे काढलं ते काकूंनी जपून ठेवलं होतं! माळ्यावर युरियाचं पोतं, त्यात जुन्या साडीत गुंडाळलेला सायलेन्सर, कन्व्हर्टर, चार स्प्रिंग, एअर बॉक्स. कोपऱ्यात चार मूळ अलॉय टायरसकट. "लोखंड हाय, भंगारवाला कवाधरनं मागायलाय," काकू म्हणाल्या, "मी म्हणलं पोरगं इचारलं तर?" मामा जागेवरून उठला, पोतं स्वतः उचलून अंगणात आणलं आणि कन्व्हर्टर हातात घेऊन जोखला. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, पण जड वस्तूबद्दल त्याला आदर आहे.

मी कागद तिथल्या तिथे परत केला. ९५ हजार खोडले. मजुरी, रॅप, क्लच तसेच. जुन्या टायरवरचा चार आकडी शिक्का बघितला, आठवडा आणि साल दोन्ही त्यात असतं. २०१६ चे टायर नक्षी कितीही शाबूत असली तरी रस्त्यावर घालायचे नाहीत, म्हणून नवे चार, २४ हजार वजा. पण आता सतरा इंची चाकं मोकळी झाली. सगळं काढलेलं सामान सुटं विकलं तर ८८ हजार येतील, पण विकायची दगदग मामेभावाची, म्हणून त्यातले अर्धे गुरुजींचे, ४४ हजार अधिक. आले ४ लाख ४४ हजार. एका पोत्याने ९४ हजारांचा फरक!

गुरुजींनी लाल पेन घेऊन बेरीज तपासली. मग विचारलं, "क्लचला चारात एक कशावरून?" प्रामाणिक उत्तर एवढंच होतं की माझा अंदाज. हवं तर सोलापूरला गाडी नेऊन क्लचची झीज मोजून घ्या, ठीक निघाली तर ते २५ हजार तुमचे. त्यांनी मान हलवली, नको म्हणाले.

मग जर्मनीहून व्हिडिओ कॉल. पोरगा आधी चिडलाच. "बासष्ट हजारांचा एक्झॉस्ट आणि तुम्ही त्याचे अठरा धरता? त्यातलेही अर्धे?" पण मग त्याने जो मुद्दा मांडला तो बिनतोड होता. म्हणाला, ही गाडी अशीच्या अशी हवी असलेला माणूस पुण्यात आहे, तो सव्वापाच देईल. खरं आहे. वेडाला वेडच भेटलं तर सूत्र बदलतं. कंपन्यांचंही असंच होतं म्हणा. २०१६ मध्ये फोक्सवॅगनने पोलो जीटीआय पंचवीस लाखांवर आणली होती, तेवढी वेडी माणसं मिळेनात, नंतर किंमत वीस लाखांच्या आत आणावी लागली. मी त्याला म्हटलं, तो माणूस असेल तर त्याला जरूर दे, मी गुरुजींना तेच सांगतो. फक्त गाडी पुण्याला न्यायची कोणी, येणाऱ्या प्रत्येकाला चालवायला द्यायची कोणी, आणि तोवर दारात उभ्या गाडीची बॅटरी चार्ज कोण करणार? पलीकडे थोडा वेळ शांतता. "बाबा, तुम्ही ठरवा," तो म्हणाला.

गुरुजी बराच वेळ कागदाकडे बघत बसले. बिलांच्या फाईलवर त्यांचा हात होता. ४ लाख ५१ हजार म्हणाले. मामेभावाने माझ्याकडे बघितलं नाही, हे मला बरं वाटलं. सरळ हो म्हणाला. गाडीवर कर्जाचा बोजा नाही हे आणि ई-चलनं मी आधीच ऑनलाइन बघून ठेवली होती. दोन चलनं होती, गुरुजींनी तिथेच भरली. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. विमा नावावर झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, असं गुरुजींनीच दरडावलं, चौथीच्या वर्गात दरडावावं तसं.

गाडी आता पांढरी आहे, १०५ हॉर्सपॉवरची आहे आणि मामेभाऊ खूश आहे. सतरा इंची चाकं लातूरच्या एका पोराने नेली, एक्झॉस्टला अजून गिऱ्हाईक नाही. म्युझिक सिस्टीम तेवढी त्याने काढलेली नाही, आणि त्यावर दुकानाची जाहिरात वाजवायचा त्याचा बेत ऐकून मी विषय बदलला.

बिलांची फाईल मात्र गुरुजींनी दिली नाही. उमरग्याच्या स्टँडसमोर झेरॉक्स काढून आणली आणि ती दिली.